माकडांचा लिम्फोमा आणि त्यामागचे विषाणू

सिंहगडावर मडक्यातले दही आणि पिठले-भाकरी विकणाऱ्या बायकांच्या आसपास लालतोंड्या माकडांचा कायम राबता असतो. गेल्या हिवाळ्यात माझ्या जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांबरोबर गडावर गेले असताना एका मुलीने कठड्यावर बसलेल्या माकडिणीकडे बोट दाखवून विचारले, "मॅडम, हिच्या मानेला केवढी गाठ आली आहे! हिला कॅन्सर झाला असेल का?" जबड्याखाली दोन्ही बाजूंना लिंबाएवढे फुगवटे दिसत होते खरे. आम्ही थोडा वेळ थांबून पाहिले, तेव्हा त्या माकडिणीने हाताच्या मागच्या बाजूने गाल दाबून आतले शेंगदाणे तोंडात आणले आणि ती ते सावकाश चावू लागली. तो फुगवटा गालातल्या पिशवीचा होता. या जातीच्या माकडांना अशा पिशव्या असतात आणि काळतोंड्या वानरांना त्या नसतात. त्या मुलीचा पुढचा प्रश्न मात्र अगदी योग्य होता: माकडांना खरोखर अशा गाठींचा कर्करोग होतो का, आणि तो कशामुळे होतो? माकडांना असा कर्करोग, म्हणजे लिम्फोमा, होतो, त्यातल्या काही प्रकारांमागे विषाणू असतात, आणि त्या विषाणूंच्या अभ्यासातून माणसाच्या कर्करोगाबद्दल जे समजले ते फार मोलाचे आहे. तो प्रश्न मला नीट उत्तर देण्याजोगा वाटला, म्हणून हा लेख.

पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येते, हे आपल्याकडे घराघरांत माहीत असते. अवधाण म्हणजे सुजलेली लसीकाग्रंथी. मान, काख, जांघ, छाती आणि पोट अशा अनेक ठिकाणी या लहान ग्रंथी असतात, आणि रोगजंतूंशी लढणाऱ्या लसीकापेशी तेथे मुक्कामाला असतात. शरीरात काही परके शिरले की या पेशी भराभर वाढतात, ग्रंथी सुजते, आणि काम संपले की जादा झालेल्या पेशी मरून जातात व अवधाण उतरते. वाढायचे आणि वेळेवर थांबायचे, असे त्यांचे दुहेरी कौशल्य असते. त्यांच्यापैकी एखादी पेशी थांबायचे विसरून वाढतच राहिली आणि तिची पिलावळ ग्रंथींमध्ये, प्लीहेत किंवा अन्य अवयवांत साचत गेली, तर त्याला लिम्फोमा म्हणतात. लसीकापेशींचे दोन मुख्य गट येथे लक्षात ठेवावे लागतील: प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी, आणि बिघडलेल्या किंवा बाधित पेशी ओळखून मारणाऱ्या, शिवाय इतर पेशींना हुकूम देणाऱ्या टी-पेशी.

विषाणू म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर ताप येतो. पुण्यातल्या आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने, तिचे नाव व्हायरस रिसर्च सेंटर असे असताना, १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूरच्या जंगलात मरून पडणाऱ्या माकडांचा छडा लावला, तो असाच तापाचा विषाणू होता. गोचिडीच्या चाव्यातून शिरणारा हा विषाणू काही दिवसांत माकडाला मारतो, किंवा माकड बरे होऊन त्याला शरीराबाहेर घालवते. सिंधुदुर्गातले लोक ज्याला माकडताप म्हणतात तो हाच. लिम्फोमाशी संबंध असलेल्या विषाणूंचा स्वभाव याच्या अगदी उलट असतो. ते एकदा शिरले की जन्मभर राहतात आणि बहुतेक वेळा काहीच करत नाहीत. अशा मुक्कामी विषाणूचे घरगुती उदाहरण कांजिण्यांचे आहे. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण विषाणू मज्जापेशींत दडून राहतो आणि उतारवयात नागीण होऊन पुन्हा वर येतो. कांजिण्यांचा विषाणू हर्पिस या कुळातला आहे. याच कुळाची एक शाखा मज्जापेशींऐवजी लसीकापेशींमध्ये घर करते, आणि माकडांच्या लिम्फोमाची बरीचशी गोष्ट या शाखेभोवती फिरते.

या शाखेतला सर्वांत प्रसिद्ध विषाणू माणसाचा आहे. युगांडात काम करणारे शल्यचिकित्सक डेनिस बर्किट यांनी १९५८ मध्ये आफ्रिकी मुलांच्या जबड्यात वेगाने वाढणाऱ्या गाठींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६१ मध्ये लंडनमध्ये त्यांचे व्याख्यान ऐकताना अँथनी एप्स्टीन यांना वाटले की यामागे विषाणू असावा. १९६४ मध्ये एप्स्टीन, इव्हॉन बार आणि बर्ट अचोंग यांना त्या गाठींच्या पेशींत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो विषाणू दिसला, आणि त्याला एप्स्टीन-बार विषाणू असे नाव मिळाले. मग लक्षात आले की जगातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रौढ माणसांच्या शरीरात हा विषाणू असतो. तो लाळेतून पसरतो; आपल्याकडे बहुतेकांना तो लहानपणीच होतो आणि कळतही नाही. येथूनच खरी अडचण सुरू झाली. जवळजवळ सर्वांच्या शरीरात असलेला विषाणू थोड्यांनाच कर्करोग का करतो? माणसावर प्रयोग करून हे शोधणे शक्य नव्हते, आणि म्हणून संशोधक माकडांकडे वळले.

विषाणू बी-पेशीत शिरल्यावर काय करतो, हे आधी पाहू. बी-पेशीला वाढण्यासाठी सहसा दोन गोष्टी लागतात: तिने स्वतः परका जंतू ओळखलेला असावा लागतो, आणि सहायक टी-पेशीने तिच्या पृष्ठभागावरचे एक बटण दाबून परवानगी द्यावी लागते. एप्स्टीन-बार विषाणू एलएमपी-१ नावाचे एक प्रथिन बनवतो. हे प्रथिन पेशीच्या पटलात जाऊन बसते आणि कोणी न दाबताही सतत दाबलेल्या बटणासारखे वागते. दुसरे एक प्रथिन, एलएमपी-२ए, जंतू ओळखल्याचा खोटा संकेत देते. दोन्ही मंजुऱ्या बनावट, पण पेशीला ते कळत नाही आणि ती वाढू लागते. विषाणूला यातून कर्करोग घडवायचा नसतो. यजमान मेला तर त्याचेही घर जाते. त्याला दीर्घकाळ जगणाऱ्या बी-पेशींत जागा मिळवायची असते, आणि तेथे पोहोचल्यावर तो आपली जवळजवळ सर्व जनुके बंद करून गप्प बसतो. मधल्या वाढीच्या टप्प्यात विषाणूची प्रथिने उघडी पडतात, तेव्हा टी-पेशी त्या बाधित पेशींना ओळखून मारतात. म्हणजे निरोगी शरीरात ही वाढ अल्पकाळाची आणि पहाऱ्याखालची असते. लिम्फोमा होण्यासाठी पहारा सैल व्हावा लागतो, किंवा वाढत्या पेशीच्या जनुकांत आणखी काही बिघाड व्हावा लागतो. बर्किटच्या गाठींमध्ये आठव्या गुणसूत्राचा एक तुकडा तुटून बहुधा चौदाव्यावर जाऊन चिकटलेला असतो, आणि हिवतापाच्या वारंवार होणाऱ्या संसर्गाने त्याला हातभार लागतो.

पहारा म्हणजे काय, हे सर्वांत स्पष्टपणे दक्षिण अमेरिकेतल्या माकडांनी दाखवले. तेथे खारीसारखे चपळ, पिवळसर पायांचे स्क्विरल माकड आढळते. १९६८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू इंग्लंड प्रायमेट केंद्रात मेलेंडेझ आणि सहकाऱ्यांनी या माकडांतून हर्पिस सायमिरी हा विषाणू वेगळा केला. स्क्विरल माकडांत तो सर्रास आढळतो, जन्मभर राहतो आणि त्यांना काहीही करत नाही. मात्र तोच विषाणू तिकडच्याच टॅमरिन, मार्मोसेट किंवा घुबड माकड या दुसऱ्या जातींना टोचला की त्यांच्या टी-पेशी बेफाम वाढतात आणि काही आठवड्यांत माकड लिम्फोमाने मरते. विषाणू तोच, त्याची जनुके तीच, फक्त घर बदलले. स्पायडर माकडांत सापडलेला त्याचा भाऊबंदही असाच वागतो.

याचे कारण उत्क्रांतीत आहे. स्क्विरल माकड आणि त्याचा विषाणू लाखो वर्षे एकत्र राहिले. ज्या माकडांची प्रतिकारयंत्रणा या विषाणूला आवरू शकली नाही ती मागे पडत गेली, आणि जो विषाणू यजमानाला लवकर मारत होता त्याचा प्रसारही खुंटला. शेवटी दोघांत एक तह झाला, आणि तो तह दोघांच्या जनुकांत लिहिलेला आहे. टॅमरिनच्या जनुकांत त्यातले काहीच नसते. विषाणूची वाढ सुरू करणारी यंत्रणा टॅमरिनच्या पेशीत चालते, ती आवरणारी यंत्रणा मात्र तेथे अपुरी पडते. विषाणूजन्य लिम्फोमाबद्दल मला एकच गोष्ट सांगायला सांगितली, तर मी हीच सांगेन. कोणत्याही विषाणूला सरसकट "कर्करोगकारक" म्हणणे अपुरे असते. तो कोणाच्या शरीरात आहे आणि त्या शरीराचा पहारा कसा आहे, हे त्याच दमात सांगावे लागते.

एप्स्टीन-बार विषाणूबद्दलही हेच दिसले. १९७३ मध्ये तो कॉटन-टॉप टॅमरिनना, म्हणजे डोक्यावर पिंजलेल्या कापसासारखे पांढरे केस असलेल्या चिमुकल्या माकडांना टोचण्यात आला आणि त्यांना बी-पेशींचा लिम्फोमा झाला. मानवी विषाणू कर्करोग घडवू शकतो याचा हा प्रत्यक्ष पुरावा होता. त्याच वर्षी बी९५-८ या पेशीवंशाची, म्हणजे एप्स्टीन-बार विषाणू बाळगणाऱ्या आणि प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या मार्मोसेटच्या पेशींची, माहिती प्रसिद्ध झाली. त्यातल्या विषाणूचा संपूर्ण जनुकीय क्रम, सुमारे १,७२,००० अक्षरांचा, १९८४ मध्ये वाचून झाला. १९८५ मध्ये एप्स्टीन यांच्या गटाने विषाणूच्या बाह्यकवचातले एक प्रथिन वापरून टॅमरिनना लस दिली आणि त्यांचे लिम्फोमापासून संरक्षण होते हे दाखवले. माणसांसाठी या विषाणूची परवानाप्राप्त लस अजूनही आलेली नाही, पण आज चालू असलेल्या प्रयत्नांचे मूळ त्या प्रयोगात आहे.

या ज्ञानाची किंमत त्या माकडांनी मोजली, हे येथे लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. कॉटन-टॉप टॅमरिन निसर्गात फक्त कोलंबियाच्या वायव्य भागात आढळतात. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आणि १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला २०,००० ते ४०,००० टॅमरिन पकडून वैद्यकीय संशोधनासाठी अमेरिकेत नेण्यात आले. नंतर व्यापारावर बंदी आली, पण जंगलतोड चालूच राहिली आणि आज ही जात अतिसंकटग्रस्त यादीत आहे. आपल्या देशानेही हे पाहिले आहे: पोलिओच्या लशीसाठी उत्तर भारतातली ऱ्हीसस माकडे प्रचंड संख्येने परदेशी जात होती, आणि १९७८ मध्ये भारताने ती निर्यात थांबवली.

ऱ्हीसस माकडांवर एप्स्टीन-बार विषाणूचे प्रयोग का जमत नव्हते, याचेही उत्तर उद्बोधक आहे. आफ्रिका आणि आशियातल्या माकडांना त्यांचे स्वतःचे, एप्स्टीन-बारशी जवळचे नाते असलेले विषाणू असतात. त्यांना लिम्फोक्रिप्टो विषाणू म्हणतात, म्हणजे लसीकापेशींत दडणारे. प्रौढ ऱ्हीसस माकडांपैकी जवळजवळ सर्वांना त्यांच्या जातीचा असा विषाणू लहानपणीच लाळेतून झालेला असतो, त्यामुळे त्यांची प्रतिकारयंत्रणा या घराण्याला आधीच ओळखते. १९९७ मध्ये संशोधकांनी या विषाणूपासून मुक्त राहिलेल्या ऱ्हीसस माकडांना तोंडावाटे तो विषाणू दिला, तेव्हा माणसात दिसतो तसाच क्रम दिसला: सुरुवातीला ग्रंथींची सूज, मग जन्मभराची शांतता. परक्या घरी घातक ठरणारा विषाणू पाहण्याऐवजी आपल्या घरी शांत राहणारा विषाणू अभ्यासण्याची सोय यामुळे झाली.

आता पहारा उठल्यावर काय होते ते पाहू. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच न्यू इंग्लंड केंद्रात लिम्फोमा झालेल्या ऱ्हीसस माकडाच्या गाठीतल्या पेशी इतर माकडांना टोचल्या गेल्या, आणि त्यांच्यापैकी काही माकडे प्रतिकारशक्ती ढासळून आजारी पडली. तेव्हा माणसांमध्ये एड्सची साथ नुकतीच लक्षात येत होती. १९८५ मध्ये त्या केंद्रातल्या माकडांतून एचआयव्हीचा नातलग असलेला एसआयव्ही हा विषाणू वेगळा करण्यात आला. त्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगाबे या माकडात निघाले. मँगाबेच्या शरीरात तो मोठ्या संख्येने असूनही सहसा आजार होत नाही. आशियाई माकडांत तो बंदिवासात, वेगवेगळ्या खंडांतली माकडे एकाच ठिकाणी ठेवल्यामुळे शिरला. आपल्याकडच्या रानातल्या माकडांत एसआयव्ही नसतो, हे येथे स्पष्ट सांगितलेले बरे.

एसआयव्ही बी-पेशींत शिरून त्यांना वाढायला लावत नाही. तो सहायक टी-पेशी नष्ट करतो. पहारा उठला की वर्षानुवर्षे गप्प बसलेल्या लिम्फोक्रिप्टो विषाणूच्या बाधित बी-पेशी पुन्हा वाढू लागतात, आणि अशा माकडांच्या अनेक लिम्फोमांमध्ये तो विषाणू सापडतो. दार उघडणारा विषाणू एक आणि आत नासधूस करणारा दुसरा, अशी ही रचना आहे. एड्सच्या रुग्णांत होणाऱ्या अनेक लिम्फोमांमध्येही एप्स्टीन-बार विषाणू याच वाटेने येतो. पहारा औषधांनीही उठतो: अवयव प्रत्यारोपणाच्या प्रयोगांत प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिलेल्या खेकडेखाऊ मकाक माकडांत असेच लिम्फोमा झालेले आहेत, आणि मूत्रपिंड किंवा यकृत बसवलेल्या माणसांत डॉक्टर ज्या गुंतागुंतीवर नजर ठेवतात ती याच प्रकारची असते. औषधांची मात्रा वेळीच कमी केली तर यातल्या काही गाठी आपोआप विरघळतात. परतलेल्या टी-पेशी आपले काम करतात.

हर्पिस कुळाबाहेरचा एक विषाणूही येथे महत्त्वाचा आहे, आणि त्याची गोष्ट एखाद्या तपासकथेसारखी आहे. काळ्या समुद्राच्या काठी सुखुमी येथे १९२७ मध्ये माकडांचे मोठे संशोधन केंद्र सुरू झाले. १९६० च्या दशकात तेथल्या काही हमाड्रायस बबूनांना रक्ताचा कर्करोग झालेल्या माणसांचे रक्त टोचण्यात आले, आणि १९६७ पासून त्या कळपात लिम्फोमा दिसू लागला. तो एका पिढीत थांबला नाही. रक्त न टोचलेल्या पण त्याच कळपात राहणाऱ्या बबूनांतही तो होत राहिला आणि पुढच्या काळात तीनशेहून अधिक बबून त्याला बळी पडले. माणसाचा कर्करोग बबूनांत गेला, असा समज होणे स्वाभाविक होते.

पुढे १९७७ मध्ये जपानमध्ये प्रौढांच्या टी-पेशींचा एक विशिष्ट कर्करोग नोंदला गेला, १९८० मध्ये एचटीएलव्ही-१ हा विषाणू माणसात सापडला, आणि लवकरच माकडांतही त्याचा जुळा भाऊ, एसटीएलव्ही-१, आढळला. हा विषाणू आपली जनुके टी-पेशीच्या जनुकांतच शिवून टाकतो, त्यामुळे पेशी जितक्यांदा विभागते तितक्यांदा तोही आपोआप उतरतो. सुखुमीच्या आजारी बबूनांत हाच विषाणू निघाला. मात्र १९९६ मध्ये त्याचा जनुकीय क्रम प्रसिद्ध झाला तेव्हा कळले की तो बबूनांच्या स्वतःच्या जातीचा नव्हता, माणसाचाही नव्हता; तो ऱ्हीसस माकडांचा होता. केंद्रात एकत्र आल्यामुळे आशियाई माकडांचा विषाणू आफ्रिकी बबूनांत शिरला आणि परक्या घरी घातक ठरला. तीस वर्षे ज्याचा दोष माणसाच्या रक्ताकडे जात होता, तो शेवटी शेजारच्या पिंजऱ्याकडे गेला.

येथे एक शंका चाणाक्ष वाचकाच्या मनात येईल. विषाणू जर जवळजवळ सर्वच माकडांत असतो, तर गाठीत तो सापडला म्हणून गाठ त्याच्यामुळे झाली असे कसे म्हणता येईल? ही शंका रास्त आहे, आणि तिचे उत्तर मला या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो. गणपतीच्या मूर्ती घडवणाऱ्या कारखान्यात साच्याला आधीपासून एखादा ओरखडा पडलेला असेल, तर त्या साच्यातून निघालेल्या प्रत्येक मूर्तीवर तो ओरखडा त्याच जागी उमटतो. मूर्ती तयार झाल्यावर त्यांना ओरखडे पडले असतील, तर ते प्रत्येक मूर्तीवर वेगवेगळ्या जागी असतील. एसटीएलव्ही-१ पेशीच्या जनुकांत कोठेही शिरू शकतो. गाठीतल्या साऱ्या पेशींत तो नेमका एकाच जागी शिरलेला दिसला, तर पहिली पेशी बिघडायच्या आधी विषाणू तेथे होता. एप्स्टीन-बारच्या घराण्यात विषाणूची दोन टोके जुळून गोल कडे बनते, आणि त्या जोडावरच्या पुनरावृत्तींची संख्या पेशीगणिक वेगळी असू शकते. गाठीतल्या सर्व पेशींत ती सारखी निघाली, तर निष्कर्ष तोच निघतो. मात्र यावरून विषाणू एकटाच पुरेसा होता असे सिद्ध होत नाही. एचटीएलव्ही-१ बाळगणाऱ्या माणसांपैकी सुमारे तीन ते पाच टक्क्यांनाच आयुष्यात तो कर्करोग होतो, आणि तोही अनेक दशकांनी.

या सर्व अनुभवामुळे आज संशोधन केंद्रांत वेगवेगळ्या जातींची माकडे अलग ठेवतात, आणि नव्या कळपाची एसआयव्ही, एसटीएलव्ही-१ व आणखी काही विषाणूंसाठी रक्ततपासणी करतात. लिम्फोक्रिप्टो विषाणू मात्र अशा चाळणीतून सहज निसटतो, कारण पिल्लाला तो फार लवकर, आपल्याच माणसांच्या, म्हणजे कळपातल्या मोठ्या माकडांच्या लाळेतून मिळतो. त्यापासून मुक्त पिल्लू हवे असेल तर त्याला अगदी लहानपणीच त्यांच्यापासून दूर करावे लागते.

गडावरून उतरताना त्या मुलीने विचारले, की मग येथल्या माकडांपासून आपल्याला असा काही धोका आहे का. मी तिला जे सांगितले तेच येथे लिहिते. माकडाजवळ गेल्याने माणसाला लिम्फोमा होत नाही. या माकडांच्या पेशींत त्यांच्या घराण्याचे विषाणू असतीलही, पण ते त्यांच्या जुन्या घरी, जागत्या पहाऱ्याखाली आहेत, आणि आपल्या बी-पेशींतली ती जागा बहुधा आपल्या स्वतःच्या विषाणूने आधीच घेतलेली असते. माकडाच्या चाव्याचा आणि ओरखड्याचा धोका वेगळा आणि तातडीचा आहे: रेबीज. चावले किंवा ओरबाडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हातातले शेंगदाणे त्यांना न देणे हा त्यावरचा सर्वांत सोपा उपाय आहे. तिने उरलेली पुडी पिशवीत ठेवली, आणि आम्ही पायवाटेने आतकरवाडीकडे निघालो.